शिंगटीचे नाव कोणी ठेवले?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी आई चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. त्याच सुमारास माझ्या मुलीला शाळेतून एक काम दिले होते. आपल्या भागातील दहा प्राणी किंवा पक्षी लिहून आणा, असे ते काम. मुलीने वाघ, मोर, हत्ती अशी सुरुवात केली. मी म्हटले, "अगं, आपल्या भागात हत्ती कुठला?" तेव्हा आई भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "मासे लिही की. मी सांगते."

मग आईने नावे सांगितली आणि नातीने ती लिहून घेतली. मरळ, वाम, शिवडा, शिंगटी, कटरणी, खुदरी, कोळशी, तांबीर, नुकटा, पोटेल, रोहटी, मल्या, मुरी, अळकुटी. चौदा नावे झाली. आईला अक्षरओळख नाही. पण प्रत्येक माशाचे तोंड कसे, काटे किती, तो पाण्यात कुठे बसतो आणि कालवणात कसा लागतो, हे तिने न अडखळता सांगितले. मुलगी लिहीत राहिली आणि मी ऐकत राहिले. वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर त्यांतील निम्मी नावे मी स्वतःच विसरले होते.

आमचे गाव भीमेच्या काठी. आमच्या वस्तीचा पाणवठा गावाच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगाला होता. त्यामागचे कारण या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. पाण्याला शिवाशीव होती, माशांना मात्र नव्हती. वरच्या पाणवठ्यावरचा मासा खालच्या पाणवठ्यावर येई, आणि त्याला कोणी अडवीत नसे. गावात एक वयस्कर भोई होते. आम्ही सारी मुले त्यांना मामा म्हणत असू. त्यांचा पाग पाण्यावर पडला की कागदावर कंपासने वर्तुळ काढावे तसा गोल पडे. जाळ्यात आलेली बारीक मासळी ते आईच्या पदरात टाकीत आणि एकेकीचे नाव सांगत. आईचे ज्ञान म्हणजे मामांचेच ज्ञान होय.

मी चौथीत असताना वर्गातील एका मुलीने नाक दाबून विचारले होते, "तुझ्या दप्तराला कसला वास येतो गं?" सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शाळेत जाताना मासे खाणे सोडले आणि माशांची नावे घेणेही सोडले. लाज वाटली की माणूस आधी आपले शब्द टाकून देतो, हे मला फार उशिरा कळले.

साहेबाच्या पुस्तकातील आमचे शब्द

आईची यादी खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात गेले. तेथे जे सापडले ते वाचून मी बराच वेळ गप्प बसून राहिले.

विल्यम हेन्री सायक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले होते. पीक, पाऊस, लोकसंख्या यांची मोजदाद करता करता तो पशुपक्षी आणि मासेही गोळा करी. मुळा-मुठा, भीमा, घोड, इंद्रायणी या नद्यांतील मासे त्याने पाहिले, आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत दख्खनच्या माशांवर लेख प्रसिद्ध केला. जगाच्या शास्त्राला ठाऊक नसलेल्या अनेक जातींची त्यात पहिली नोंद झाली.

नव्या जातीला शास्त्रीय नाव द्यावे लागते. सायक्सने बहुतेक ठिकाणी नवे नाव शोधण्याची यातायात केली नाही. काठावरची माणसे ज्या नावाने मासा ओळखत होती, तेच नाव त्याने रोमन लिपीत उतरवून शास्त्रात घातले. म्हणून आज अमेरिकेतील वा जपानमधील प्राध्यापक आमच्या शिंगटीला 'मिस्टस शिंगटी' म्हणतो. कटरणी 'रिटा कटरणी' झाली आणि खुदरी 'टॉर खुदरी' झाली. मल्या हा 'गारा मल्या' आहे, तर पोटेल हा 'लेबिओ पोटेल' आहे. रोहटी तर एका संपूर्ण प्रजातीचेच नाव होऊन बसली आहे. इंग्रजी उच्चारात अक्षरे थोडी वाकडी झाली असतील, पण शब्द आपलेच आहेत. मी ज्या शब्दांची लाज धरली होती, ते शब्द १८३९ पासून जगभरच्या शास्त्रग्रंथांत मानाने बसले आहेत.

या सायक्सविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. १८४१ साली याच माणसाने चिनी भिक्खू फाहियान याच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारताच्या धार्मिक आणि सामाजिक स्थितीवर एक दीर्घ निबंध लिहिला, आणि त्यात भारताच्या बौद्ध काळाचे मोठेपण मांडले. ज्याने आपल्या नद्यांतील मासे नोंदवले, त्यानेच आपल्या इतिहासातील दडलेला काळही चाळून पाहिला, हा योग मला विशेष वाटतो.

घरी येऊन मी हे सारे आईला वाचून दाखविले. ती ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "मग त्या साहेबाला नावे सांगितली कोणी? त्याचे नाव लिहिले आहे का पुस्तकात?"

शास्त्राच्या नियमाप्रमाणे आज शिंगटीच्या शास्त्रीय नावापुढे सायक्सचे नाव आणि साल लिहितात. काठावर उभे राहून "साहेब, ही शिंगटी" असे सांगणाऱ्या भोयाचे वा कोळ्याचे नाव तेथे नाही. मी आईला तसे सांगितले. ती काही बोलली नाही.

मासा कसा ओळखावा?

असो. ज्ञान सांगणाऱ्याचे नाव गेले तरी ज्ञान जाऊ देता कामा नये. म्हणून आईने नातीला जे शिकविले ते येथे थोडक्यात देते. मासा हाती आला की चार गोष्टी पाहाव्यात. अंगावर खवले आहेत की नाहीत? तोंडाला मिशा आहेत का? तोंड वर वळलेले, समोर की खाली? आणि पाठीवरचा पर कसा आहे? एवढ्यावर निम्मे काम होते.

शिंगटीच्या अंगावर खवले नसतात. तोंडाला मिशांच्या चार जोड्या असतात. पाठीच्या पराला एक आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक टोकदार काटा असतो. ती घाबरली की हे काटे ताठ करते आणि मग ते सहजी खाली बसत नाहीत. काटा टोचला की हात ठणकतो. म्हणून तिला निष्काळजीपणे मुठीत धरू नये.

शिवडाही बिनखवल्याचा, पण त्याचे तोंड भलतेच रुंद. जबड्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते. पाठीवरचा पर अगदी लहान असतो, आणि पोटाखालचा पर लांबच लांब, शेपटीपर्यंत गेलेला. हा दुसरे मासे खाणारा मासा आहे, हे तोंडावरूनच कळते.

वाम सापासारखी दिसते म्हणून कित्येक जण ती घेत नाहीत. पण ती मासाच आहे. नाकाड टोकदार असते आणि पाठीवर बारीक सुट्या काट्यांची रांग असते. वाम सोलताना तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवू नये.

मरळीचे डोके सापासारखे चपटे असते. पाठीवरचा आणि पोटाखालचा असे दोन्ही पर लांब असतात. तिला हवेतील श्वास घेता येतो. म्हणून पाणी आटलेल्या डबक्यातही ती तग धरते आणि बाजारात ओल्या पाटीत जिवंत राहते. तिची पिले तांबूस रंगाची असतात. ती घोळक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. मामा अशा जोडप्यावर कधी पाग टाकीत नसत. "लेकुरवाळी आहे, जाऊ दे," असे म्हणत. एक मरळ सोडली तर पुढे शंभर मिळतात, हा त्यांचा हिशेब होता.

मल्या हा बोटाएवढा मासा. हनुवटीखाली एक गोल चकती असते आणि तिने तो वाहत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटून राहतो. दगडाला चिकटणारा आणखी एक लहान मासा आपल्याकडे आहे. त्याच्या छातीवर वळ्या असतात. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली त्याची नोंद केली आणि पुण्यावरूनच त्याचे नाव ठेवले, 'ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस'. नुकट्याच्या नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असतो. त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. खुदरी म्हणजे आपल्याकडील महाशीर. मोठे जाड खवले, मांसल ओठ आणि अंगात विलक्षण ताकद. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे गावकऱ्यांनी या माशांचे पिढ्यान्‌पिढ्या रक्षण केले आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महाशीर जोपासण्याचे केंद्र चालविले. मनावर घेतले तर मासा वाचतो, याची ही दोन उदाहरणे.

बाजारात काय मिळते?

पुढच्या रविवारी आम्ही तिघी भिगवणच्या मासळी बाजारात गेलो. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण झाले आणि वाहती नदी पसरून समुद्राएवढी झाली. तेव्हापासून या बाजाराला बरकत आली. नातीच्या हातात आजीची यादी होती. चौदापैकी चार मासे आम्हाला दिसले. मरळ, वाम, शिवडा आणि थोडी शिंगटी. बाकी पाट्या भरल्या होत्या त्या चिलापी, रोहू, कटला आणि मृगळ यांनी. आईने एका तरुण विक्रेत्याला खुदरीविषयी विचारले. तो भला मुलगा होता. म्हणाला, "आजी, हे नाव मी आजच ऐकतोय."

यात त्या मुलाचा दोष नाही. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे मासे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच धरावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण घडवून आणली. पुढे त्यांचे बीज गावोगावच्या तळ्यांत सोडता येऊ लागले. त्यावर हजारो मच्छीमार कुटुंबांची चूल पेटली. म्हणून या माशांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ओळखायला तेही सोपे आहेत. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले, कारण तो वरच्या थरात चरतो. रोहूचे डोके लहान, ओठ झालरीसारखे, आणि तो मधल्या थरात असतो. मृगळाचे नाकाड बोथट आणि तोंड खालच्या अंगाला, कारण तो तळाशी चरतो. तोंड पाहिले की त्याचा थर कळतो. तीन मासे एकाच तळ्यात न भांडता राहतात ते यामुळेच.

चिलापीचे मात्र तसे नाही. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. पाठीवर एकच लांब पर, पुढचा भाग काटेरी. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे तिची प्रजा झपाट्याने वाढते आणि इतर माशांच्या वाट्याचे अन्न व जागा जाते. गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी आली हे खरे, पण त्याची किंमत नदीने मोजली. आफ्रिकेतील मोठा मांगूर त्याहून घातक. त्याच्या पैदाशीवर २००० साली केंद्र सरकारने बंदी घातली आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा बजावली. काचेच्या पेटीतील शोभेचे मासे कंटाळा आला की लोक नदीत सोडून देतात. त्यातील दक्षिण अमेरिकेचा खरबरीत चिलखती मासा, ज्याला 'सकर' म्हणतात, तो आता उजनीतही जाळ्यात सापडू लागला आहे. तो जाळी फाडतो आणि खायच्याही कामाचा नाही.

त्यात शहरांचे सांडपाणी आहे, वाळूचा उपसा आहे, बंधारे आहेत. ज्या मुळा-मुठेत सायक्सने मासे पाहिले, तेथे २००३ च्या सुमारास अभ्यासकांनी पुन्हा पाहणी केली. पूर्वी नोंदलेल्या कित्येक जाती त्यांना सापडल्या नाहीत. मासा गेला की त्याचे नाव जाते, आणि नाव गेले की तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सम्राट अशोकाचा लेख

माशांची काळजी घेणे ही काही साहेबांनी शिकविलेली गोष्ट नव्हे. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आपण वाचावा. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने तो कोरविला. कोणते जीव मारू नयेत याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत माशांचीही नावे आहेत. तिन्ही चातुर्मासांच्या पौर्णिमांना आणि तिष्य पौर्णिमेला, चतुर्दशी, पौर्णिमा व प्रतिपदा असे तीन दिवस, तसेच उपोसथाच्या दिवशी, मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी ती आज्ञा आहे. त्याच लेखात 'केवटभोग' असा शब्द येतो. मच्छीमारांसाठी राखलेले जलक्षेत्र असा त्याचा अर्थ करतात. राजाने मासेमारी साफ बंद केली नाही. केवटाचे पाणी केवटाकडेच ठेवले आणि ठरावीक दिवशी थांबावयास सांगितले. मला तरी हा मध्यम मार्गच वाटतो.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आणि याच सुमारास आपल्या नद्यांत मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढतात. कोकणात आणि मावळात यांना चढणीचे मासे वा वलगणीचे मासे म्हणतात. पहिल्या पुरात ओढ्याला लोटलेली ही मासळी घोळक्याने पकडतात, आणि गाभोळी मिळाली म्हणून आनंद होतो. एकेका गाभोळीत पुढच्या वर्षाचे शेकडो मासे असतात. आज समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ओढ्यावर पहारा ठेवणारा कोणी नसतो. तेथे आपणच आपल्याला थांबविले पाहिजे.

घरातून काय करता येईल?

माता-भगिनींना विनंती अशी की, बाजारात गेल्यावर फक्त रोहू-कटला मागू नका. बारीक गोडी मासळी मिळाली तर आवर्जून घ्या. ती काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे मुलांना आणि बाळंतिणीला चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर मिळते. डोक्यासकट खाल्ल्यास डोळ्यांना लागणारे 'अ' जीवनसत्त्वही मिळते. ताजा मासा ओळखण्याची खूण सोपी आहे. कल्ले लालभडक, डोळा स्वच्छ व फुगीर, आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येते. कल्ले काळपट आणि डोळा आत गेलेला असेल तर तो मासा घेऊ नका.

पहिल्या पावसातील गाभोळीची मासळी आणि पिलांसोबतची मरळ मागू नका. गिऱ्हाईक नसेल तर कोणी पकडणारही नाही. मच्छरदाणीच्या कापडाने मासे धरणे, पाण्यात सुरुंग उडविणे वा औषध टाकणे हे प्रकार गावात होत असतील तर मंडळात, ग्रामसभेत विषय काढा. शोभेचे मासे नदीत सोडू नका, हे मुलांना बजावून सांगा.

आणि मुलांना एक वही करून द्या. चार रकाने पाडा. माशाचे नाव, ओळखण्याची खूण, कुठे दिसला, आणि नाव कोणी सांगितले. आजकाल प्रत्येक घरात फोनवर फोटो निघतो, तो चिकटवा. पण फोटोला नाव सांगता येत नाही. ते आजीकडून, कोळीवाड्यातील आजोबांकडून, भोईआळीतील मावशींकडून विचारून घ्यावे लागते. ही माणसे थकत चालली आहेत. उद्या विचारू म्हणू नका.

माझ्या मुलीने वही पूर्ण केली. दहाऐवजी चौदा जीव लिहिले म्हणून तिच्या बाईंनी शाबासकी दिली. घरी आल्यावर मी वही उघडून पाहिली. शेवटच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे तिने 'आजी' असे लिहिले होते. आईला मी ते वाचून दाखविले. आई म्हणाली, "असे नको. खोडून नीट लिही. सांगणारे भोई मामा. मी नुसती ऐकणारी."

मुलीने चौदाही ठिकाणी खोडून तसे लिहिले आहे.